वाढत्या अंगाचा खर्च

आमच्या घरातला पैसा तीन वाटांनी जातो. काही डोक्यावरून जातो, काही पायाखालून जातो आणि उरलेला मी सही करून घालवतो. डोक्यावरचा म्हणजे केसांचा, पायाखालचा म्हणजे मुलांच्या बुटांचा आणि सहीचा म्हणजे विम्याचा. डोकं आणि पाय यांच्या मधे पोट नावाचा एक अवयव असतो, त्याची पाळी येते तेव्हा महिन्याची २५ तारीख उलटून गेलेली असते आणि बायको फार प्रेमाने म्हणते, "आज पिठलंच टाकते. बऱ्याच दिवसांत झालं नाही."

केसांपासून सुरुवात करू. माझ्या बाबतीत हा विषय लवकर संपेल असं बघणाऱ्याला वाटतं, पण तसं नाही. केस जितके कमी, तितका खर्च जास्त. लहानपणी माझ्या डोक्यावर रान माजलेलं होतं, तेव्हा रविवारी सकाळी न्हावी धोकटी घेऊन घरी यायचे आणि अंगणात पोतं अंथरून आम्हा सगळ्या भावंडांची डोकी एका बैठकीत उरकायचे. कसे कापू, हा प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. आता विचारतात. फिरत्या खुर्चीत बसवून, गळ्याला कापड गुंडाळून, आरशात माझ्याकडे बघत तो तरुण मुलगा विचारतो, "सर, कसे ठेवायचे?"

"आहेत तेवढे ठेव, बाबा."

मग तो दोन बोटांत एक बट उचलतो आणि हळहळतो. "पाणी बोअरचं का?"

"नाही, नळाचं."

"टेन्शन घेता का?"

"आत्तापर्यंत घेत नव्हतो."

मग मालिश, मग टॉनिक, मग चेहऱ्यावरून काळेपणा काढण्याची सूचना. ती मी नम्रपणे नाकारतो, कारण चेहरा आता थेट मानेच्या मागेपर्यंत गेला आहे आणि पैसे क्षेत्रफळावर लावले तर परवडणार नाही. शेवटी बिल पूर्ण डोक्याचं. अर्ध्या कामाचे अर्धे पैसे, असं मी एकदा सुचवून पाहिलं. तो म्हणाला, "सर, खुर्ची तर तेवढाच वेळ अडते." शेजारच्या खुर्चीत आमचे चिरंजीव बसलेले असतात. कानाच्या वरपर्यंत झिरो मशीन आणि माथ्यावर तुरा, ही त्यांची ऑर्डर. त्याला बाजूचे केस नकोत आणि मला वरचे नाहीत. दोघांचं मिळून एक डोकं पुरं होतं, बिल मात्र दोन डोक्यांचं होतं.

आमची बाथरूमची फळी ही वेगळीच कथा आहे. बायकोचा शांपू, मुलाचा शांपू, मुलीचा डोळ्यांत न झोंबणारा शांपू आणि त्यांच्या मागे शिकेकाईचा डबा, जो आईने हक्काची जागा म्हणून अडवून ठेवलाय. मधे एकदा आईने चष्मा लावून बायकोची बाटली वाचली. सल्फेट नाही, पॅराबेन नाही, सिलिकॉन नाही.

"अगं, मग यात आहे काय?"

"म्हणूनच तर महाग आहे, आई."

"असं होय. नसलेल्याचे पैसे." एवढं बोलून आईने बाटली जागेवर ठेवली आणि माझ्या डोक्याकडे बघितलं. ते बघणं टाळता आलं असतं.

कोणे एके काळी शांपू ही श्रीमंतांची चैन होती. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी तो पुडीत भरला आणि पुढे त्यांच्या मुलाने १९८३ साली चिकची पुडी काढून गावोगावच्या किराणा दुकानांत लटकवली. पुडी फाडली, डोकं धुतलं, विषय संपला. मध्यमवर्गाने यातून बोध घेऊन मोठी बाटली घ्यायला सुरुवात केली. 'पडतळ चांगली पडते' म्हणून. पण आमच्या घरात शांपूची बाटली संपली असं आजवर कुणी जाहीर केलेलं नाही. आधी ती उलटी उभी राहते. मग तिच्यात पाणी जातं. मग ती खुळखुळ्यासारखी हलवली जाते. शेवटचा आठवडा आम्ही सगळे केवळ वासावर काढतो. आणि त्याच आठवड्यात मी सलूनमध्ये टॉनिकला "चालेल, मार" म्हणून आलेलो असतो.

आईचा या सगळ्यावर विश्वास नाही. ती तेल करते. लोखंडी कढईत खोबरेल, त्यात माका, आवळा, जास्वंदीची फुलं, कढीपत्ता, मेथ्या. मंद आचेवर, पाला कुरकुरीत होऊन बुडबुडे थांबेपर्यंत. हल्ली त्यात कांदाही पडायला लागलाय, कारण तिच्या भजनी मंडळात कुणाच्या तरी सुनेला गुण आला. परवा कढई निम्म्यावर आली असताना समोरच्या काकू बशी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "भजी ना? वास आला म्हटलं." त्यांना तेल लावून पाठवलं.

डॉक्टरांकडेही गेलो. ते म्हणाले, दिवसाला ५० ते १०० केस गळणं नॉर्मल आहे. ज्याच्या खात्यात लाखभर केस आहेत त्याला नॉर्मल, माझी शिल्लक बघून बोला ना! मग त्यांनी मिनॉक्सिडिल लिहून दिलं. हे मूळचं ब्लडप्रेशरचं औषध. गोळी घेणाऱ्या रोग्यांच्या अंगावर भलतीकडेच केस उगवू लागले, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की हे डोक्यालाच लावावं. माझ्या बाबतीत उलट झालं. औषध डोक्याला लावलं आणि बिल बघून ब्लडप्रेशर सुरू झालं.

"किती दिवस लावायचं, डॉक्टर?"

"लावत राहायचं. थांबवलं की पुन्हा गळतील."

म्हणजे हा हप्ताच झाला. भरत राहिलो तर केस चालू, थांबलो तर लॅप्स.

हप्त्यांच्या बाबतीत मी अनुभवी माणूस आहे, कारण बायकोचे मावसभाऊ विम्याचे एजंट आहेत. प्रत्येक मराठी घराला एक एजंट नात्यातच मिळतो, शोधावा लागत नाही. हे मला दाजी म्हणतात. मार्च महिना लागला की त्यांना ताईची आठवण येते. सोफ्यावर बसतात, बॅगेतून रंगीत कागद काढतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "दाजी, देव न करो, पण उद्या तुम्हाला काही झालं…"

इथून पुढे माझ्या मरणावर जी चर्चा होते ती अत्यंत खेळीमेळीत होते. बायको पोह्यांवर खोबरं भुरभुरवता भुरभुरवता विचारते, "एकरकमी मिळतात की दरमहा?" मुलगा मोबाइलवर गुणाकार करून देतो. मुलगी विचारते, "बाबा, यात तुम्हाला काय मिळणार?" या घरात हा प्रश्न पडणारी ती एकटीच.

आमच्या वडिलांच्या पिढीला हे सोपं होतं. १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ सुरू झालं, दोन तळहातांच्या आडोशाला ज्योत हे चिन्ह, ब्रीदवाक्य साक्षात गीतेतलं. त्यापुढे प्रश्न विचारणं पाखंडीपणाचं वाटायचं. आम्हाला पर्याय आहेत. म्हणून मावसभाऊंना मी अभ्यासूपणे म्हणालो, "नुसता टर्म विमा घेतला तर? तो स्वस्त असतो म्हणे."

"घ्या की. फक्त मुदतीत काही झालं नाही तर परत काही मिळत नाही."

आई आतून बाहेर आली. "म्हणजे माणूस जगला तर पैसे बुडाले? असला कसला व्यवहार?"

यावर घरातल्या कुणाकडेच उत्तर नव्हतं. सगळे माझ्याकडे असे बघू लागले की आता मुदत संपेपर्यंत जगणं हा उधळेपणा ठरणार. शेवटी अधूनमधून पैसे परत देणारी पॉलिसी ठरली. हप्ता तगडा, विमा पाच लाखांचा. देव न करो, मला काही झालंच, तर त्या रकमेत घरच्यांचं वर्ष-दीड वर्ष निघेल. शांपू बदलला नाही तर.

अर्जावर पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या. "इथे, इथे आणि मागे इथे."

"वाचू का आधी?"

"वाचा ना, दाजी. पोहे होईपर्यंत वाचा."

पोहे झालेलेच होते.

पूर्वी मावसभाऊंचं हुकमी वाक्य होतं, "दाजी, टॅक्स वाचतो." कलम ८०-सीखाली दीड लाखापर्यंतची वजावट, त्या एका आकड्यावर महाराष्ट्रातल्या निम्म्या पॉलिसी निघाल्या असतील. आता नव्या करपद्धतीत ती वजावटच नाही. हे मी विजयी मुद्रेने सांगितलं. ते म्हणाले, "टॅक्सचं काय घेऊन बसलात, दाजी? माणसाने कुटुंबाकडे बघावं." मी कुटुंबाकडे बघितलं. कुटुंब मावसभाऊंच्या बशीत शेव वाढत होतं.

मेडिक्लेमची तर भाषाच वेगळी. दवाखान्यात बहुधा २४ तास तरी राहिलं पाहिजे. आधीपासूनचा आजार असेल तर जास्तीत जास्त तीन वर्षं वाट. मोतीबिंदूला आमच्या पॉलिसीत दोन वर्षं. आई म्हणाली, "बरं, मी सांगून बघते डोळ्याला." खोलीच्या भाड्याला मर्यादा. ती ओलांडून मोठी खोली घेतली तर नुसतं भाडं नाही, डॉक्टरांच्या फीपासून बऱ्याच गोष्टी त्याच प्रमाणात कापल्या जातात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी खिडकीतून गुलमोहर दिसतो म्हणून वरच्या दर्जाची खोली घेतली होती. क्लेम मंजूर होऊन आला तेव्हापासून ते गुलमोहर दिसला की मान फिरवतात. हातमोजे, कापूस, मास्क असल्या किरकोळ गोष्टी बऱ्याच पॉलिसींत आपल्याच खिशातून. आणि केसांचं रोपण? ते सौंदर्याच्या खात्यात जातं, त्यामुळे बाद. माझ्याकडे बघून यात सौंदर्याचा संबंध कुणाला दिसला, हे विचारायचं राहून गेलं.

एवढं सगळं पुस्तिकेत छापलेलं असतं. आमची पुस्तिका कपाटाच्या लॉकरमध्ये, मुदत संपलेल्या मिक्सरच्या वॉरंटी कार्डाखाली सुरक्षित आहे.

आता बुटांच्या दुकानात चला. जून महिना, शाळा उघडायच्या आधीचा रविवार, लक्ष्मी रोड. पार्किंगला जागा शोधण्यात अर्धी सकाळ गेलेली, आणि दुकानात आमचा पंचायत समितीएवढा जथा. इथे आमचं वागणं बघा. सही करायला तीन मिनिटं न घेणारा मी, तीनशे रुपयांचा कॅनव्हास उलटा करून त्याच्या तळव्याला नाक लावून वास घेतो. बायको शिलाई ओढून बघते. आई बुटात मनगटापर्यंत हात घालून आत खिळा शोधते. मग मुलीच्या पायात बूट चढतो आणि तिघांचे तीन अंगठे एकाच वेळी तिच्या बुटाच्या टोकावर येतात.

"बोटं हलव. हलतायत?"

"चालून दाखव. नीट चाल, नाचू नको."

"टाच निसटते का?"

"चावतोय का?"

"नाही."

घरी आल्यावर चावतो. पण तो भाग पुढचा.

सेल्समनने पायाखाली पट्टी सरकवून माप घेतलं आणि आत ओरडला, "बेबीचा १ नंबर काढ!" आई उखडली. "अहो, गेल्या वर्षी हिला १३ नंबर होता. पोरीचा पाय वाढलाय, आटला नाही."

"आजी, १३ नंतर १च येतो."

"कुठल्या शाळेत?"

सेल्समनचा नाइलाज होता. ही मापं इंग्रजी. एका नंबरात तिसरा हिस्सा इंच, म्हणजे जेमतेम साडेआठ मिलिमीटर. लहान मुलांचे नंबर १३ पर्यंत चढतात आणि तिथून मोठ्यांची मोजणी पुन्हा १ पासून सुरू. आईला ते काही केल्या पटलं नाही. "म्हणून पोरांची गणितं कच्ची राहतात," एवढंच म्हणाली आणि फर्मान काढलं, "एक नंबर मोठाच द्या. वाढत्या अंगाचा."

वाढत्या अंगाचा ही आमची सगळ्यात जुनी गुंतवणूक योजना. पहिल्या वर्षी बूट मोठा, म्हणून टोकाला कापूस. (हाही कापूस कुठली कंपनी भरून देत नाही.) दुसऱ्या वर्षी बूट बरोबर बसतो, पण तोवर तळवा सुटलेला असतो. बरोबर बसणारा आणि न फाटलेला बूट एकाच वेळी एकाच पायात असल्याची नोंद आमच्या खानदानात नाही.

"देशी कंपनीचाच द्या," आई म्हणाली. "बाटा."

मुलाने मोबाइल काढला. "आजी, ती कंपनी १८९४ साली झ्लिनमध्ये सुरू झाली. आताच्या चेक प्रजासत्ताकात."

"असेल. कोलकात्याजवळ बाटानगर वसवलंय ना? गाव वसवलं की माणूस आपला." मुलाने मोबाइल खिशात ठेवला.

मग गॅरंटीची बोलणी. शिलाईची तीन महिने. "पण पाण्यात भिजला तर नाही," सेल्समन म्हणाला. बायको कडाडली, "अहो, जूनमध्ये शाळा उघडते. पोरगी बोटीतून जाणार आहे का?" पंधरा मिनिटं घमासान झाली. एका अटीसाठी! शेवटी मोजे फुकट मिळवून आम्ही विजयाने बाहेर पडलो. काळे बूट रोजचे, पांढरे पी.टी.चे, आणि शाळेने आठवड्याभरात चिठ्ठी पाठवली की पावसाळ्यात सँडल चालतील, म्हणून सँडल. काळे जोड वर्तमानपत्राचे बोळे भरून फ्रिजच्या मागे वाळत पडलेत.

आमचे हे तीन खर्च सरकारच्याही नजरेस आले असावेत. कारण २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, तिन्हींवर जीएसटी उतरला. शांपू आणि केसांचं तेल १८ वरून ५ टक्के. अडीच हजारांपर्यंतचे बूटही ५ टक्के. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा तर १८ वरून थेट शून्य. मी वही घेऊन बसलो आणि वर्षाला किती वाचणार याचा हिशेब सगळ्यांना वाचून दाखवला. बायको म्हणाली, "छान! मग त्यात सीरम बसतं." मुलाने अडीच हजारांच्या आत मावणारे, धावपटूंचे बूट शोधून ठेवलेले होते. तो फ्रिजपर्यंतही धावत नाही. मावसभाऊंचा फोन आला, "दाजी, जीएसटी गेला, आता कव्हर वाढवूनच टाका." सलूनच्या सेवेवरचा करही ५ टक्क्यांवर आला होता, म्हणून मोठ्या आशेने तिथे गेलो. तो मुलगा म्हणाला, "सर, आपलं दुकान छोटं. आपण जीएसटी घेतच नव्हतो, कमी काय करू?" वाचलेले पैसे नेमके कुठे आहेत, याचा शोध घरात अजून चालू आहे.

वाचकहो, तुमच्या घरी याहून वेगळं चालत असेल तर तुम्ही थोर आहात. नसेल तर एक ऐका. बुटाच्या पावतीवर ठळक छापलेलं असतं, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. आणि जो कागद आपण न वाचता लॉकरमध्ये टाकतो, त्या नव्या पॉलिसीला २०२४ पासून ३० दिवसांची सवलत आहे. हातात पडल्यापासून महिन्याभरात पटली नाही तर किरकोळ वजावट करून पैसे परत. तेव्हा पुढची पॉलिसी घरात येईल तेव्हा बुटासारखी तपासा. टोकाला अंगठा दाबून बघा, टाच निसटते का बघा, शिलाई ओढा, आत हात घालून खिळा शोधा. जमल्यास आमच्या आईला घेऊन जा. चावली तर महिन्याच्या आत परत करा. आणि कुणी नातेवाईक पेन्सिलीच्या फुल्या मारून आलाच, तर पोहे उशिरा करा.